द्वारकामावशीची चुंबळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मिळून, स्वतः धडधाकट असूनही अंथरुणावर सर्वाधिक वेळा ओल्या फडक्याने पुसून काढला गेलेला मनुष्य म्हणजे प्रस्तुत लेखक होय. या विक्रमाला कुणाला आव्हान द्यायचं असेल तर त्याने बंडी आणि हाफपँट घालून पुढे यावं.

आता खुलासा. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो तो बंद पडला, आणि मी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका प्रशिक्षण वर्गात कारकून म्हणून चिकटलो. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकवणारा वर्ग. सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र, आणि मग मुली कुणाच्या घरी नाहीतर वृद्धाश्रमात कामाला लागत. जागा म्हणजे झिपा-बटणांच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर मशिनींचा खडखडाट आणि वर ‘रुग्णास शांत वातावरण कसे द्यावे’ हा धडा.

सरावासाठी वर्गाने एक रबरी पुतळा मागवला होता. तो जिन्याच्या वळणावर अडकला, हमालांनी दोन्हीकडून जोर लावला, आणि पुतळ्याचे कंबरेतून दोन भाग झाले. वरचा वर आला. खालचा खालीच राहिला, आणि आमचे घरमालक परसराम दादा यांनी तो उचलून कॅम्प पाचमधल्या पुतण्याच्या जीन्सच्या दुकानात उभा केला. पुढे कितीतरी दिवस आमचा अर्धा पेशंट तिथे नवनवीन फॅशनच्या जीन्स घालून झोकात उभा असे, आणि उरलेला अर्धा आमच्या खाटेवर चादर ओढून छताकडे बघत असे.

‘पायांची निगा’ हा धडा आला तेव्हा पंचाईत झाली. शिकवणाऱ्या बाईंनी चादर वर केली, खाली काहीच नाही हे पुन्हा एकदा पाहिलं, वर्गभर नजर फिरवली आणि ती माझ्या टेबलावर आणून थांबवली.

“ओ सावंत,” त्या म्हणाल्या, “तुमाला पाय हायत ना?”

अशी माझी आणि द्वारकामावशीची खरी ओळख झाली. आडवा होऊन.

मावशी हे नातं नव्हे, हुद्दा. इस्पितळात आयांना सगळे मावशीच म्हणतात, आणि द्वारकाबाई शेलार यांनी एका मोठ्या इस्पितळात आया म्हणून आयुष्य काढलं होतं. बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातल्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. शिक्षण चौथी. निवृत्त झाल्यावर आमच्या वर्गाच्या चालकांनी त्यांना शोधून आणलं, कारण चालकांच्या आईला शेवटची दोन वर्षं फक्त द्वारकाबाईंच्या हातचं पाणी गोड लागायचं. पहिल्या दिवशी मुली ‘मॅडम’ म्हणाल्या, तर बाई म्हणाल्या, “मॅडम खुर्चीवर बसते. मी उभी हाय. मावशी म्हना.” मग मीही म्हणू लागलो. हळूहळू ‘बाईं’ची ‘ती’ झाली. मावशीला अहो-जाहो फार दिवस करता येत नाही.

फिकट निळी साडी, खोचलेला पदर, आणि वर्गात शिरताना एक विधी: हातातल्या बांगड्या काढून कापडी पिशवीत ठेवायच्या. पेशंटला ओरखडा उठू नये म्हणून. वर्ग संपला की त्या पुन्हा चढत. आमच्याकडे घंटा नव्हती. मावशीच्या बांगड्या किणकिणल्या की मुली वह्या मिटत.

त्या पहिल्या दिवशी मी खाटेवर, डोळे मिटून, अब्रू मुठीत धरून पडलो होतो. आता पाय धरला जाणार म्हणून बोटं आखडली. तर आधी ऐकू आलं टक्‌ टक्‌. मावशीने खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवलं होतं.

“आजोबा, मी द्वारका. तुमचा उजवा पाय पुसते. पुसू?”

मी एक डोळा उघडला. ती खरोखर उत्तराची वाट बघत होती.

“पुसा,” मी म्हणालो.

मग तिने मुलींकडे वळून विचारलं, “दार वाजवल्याबिगर कुनाच्या घरात शिरता काय? मंग अंगाला हात कसा लावता? म्हाताऱ्याकडं शेवटी तेवढंच घर उरतं.”

आणि दुसरा नियम लगेच त्याच्या पाठीमागे. समोरचा नको म्हणाला, तर नको. थांबायचं. बसायचं. पुन्हा विचारायचं. “तो नाय म्हनू शकतो हे त्याला कळलं पायजे. मंग तो हो पन म्हनतो.”

मुलींमध्ये बदलापूरची कविता म्हणून एक होती. हुशार, चटपटीत, जिभेला धार. एकदा मला पेज भरवताना तिने लाडात येऊन म्हटलं, “चला, आ करा बघू, माझं बाळ ते!” मला खरं तर बरं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी मावशी कविताच्या शेजारी जाऊन बसली, तिचा डबा स्वतःकडे ओढला, आणि सगळ्या वर्गासमोर तिला भरवू लागली.

“आ कर गं माझी छकुली ती! हा घास चिऊचा! शानी गं बाय माझी ती!”

मुली हसून हसून लोळल्या. पहिल्या दोन घासांना कविताही हसली. तिसऱ्याला म्हणाली, “पुरे ना मावशी.” मावशीने ऐकलंच नाही. “असा हट्ट नाय करायचा, आ कर!” पाचव्या-सहाव्या घासाला कविताचा चेहरा लाल झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. मावशीने घास खाली ठेवला.

“कसं वाटलं?”

“लाज वाटली.”

“वहीत लिवून घे. म्हाताऱ्याला बाळ म्हनायचं नाय. त्याला बाळं झालीत.”

हे सगळं खालून जिना चढत येणारे परसराम दादा बघत असत. सत्तरी पार, पांढरा सफारी, कानात अत्तराचा बोळा. दारात उभं राहून त्यांचा एक ठरलेला शेरा असे. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, म्हणून मावशीला ते अदी म्हणत. “अदी, बुढ्ढे को पानी पिलाने का भी इम्तिहान होता है क्या? हमारे में तो बहू पिला देती है, बस.”

“बहू को पूछा क्या कभी?” मावशी विचारी. दादा हसत खाली जात.

आता चुंबळीकडे येतो. चुंबळ म्हणजे डोक्यावर हंडा ठेवताना खाली घेतात ती कापडाची गोल वळी. मावशी लहानपणी दोन-दोन हंडे घेऊन विहिरीवरून यायची, त्यामुळे चुंबळ वळण्यात तिचा हात बसलेला. इस्पितळात एका म्हातारीची टाच गादीला घासून सोलवटली, तेव्हा मावशीने जुन्या लुगड्याची चुंबळ वळून टाचेखाली दिली. डॉक्टर म्हणाले वा. तेव्हापासून चुंबळ हा तिचा शोध, तिची सही. आमच्या वर्गात भिंतीवर खिळ्याला एक चुंबळ टांगलेली असे, आणि कोर्स पुरा झाला की प्रत्येक मुलीला मावशी स्वतः वळलेली एक चुंबळ देई. प्रमाणपत्र आम्ही देत होतो. पण मुली पाया पडायच्या त्या चुंबळ घेताना. अशा रीतीने द्वारकामावशीच्या चुंबळी तिन्ही गावांत म्हाताऱ्यांच्या टाचांखाली जाऊन बसल्या.

मग नियम आला. यापुढे शिकवणाऱ्याकडेही प्रमाणपत्र पाहिजे. नसेल तर परीक्षा द्या, नाहीतर शिकवणं बंद. सोबत एक जाडजूड पुस्तक आलं. मावशीने ते हातात घेतलं, वजन केलं, आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “अक्षरं मुंगीएवढी हायत. सावंत, तुमी वाचा, मी ऐकते.”

रोज दुपारी वर्ग सुटल्यावर मी मोठ्याने वाचायचो आणि ती डोळे मिटून ऐकायची. मध्येच “हे बरोबर हाय,” असं पुस्तकाला प्रशस्तिपत्र द्यायची. एका दुपारी मी ‘दाबामुळे होणाऱ्या जखमा’ या प्रकरणावर आलो. पान उलटलं आणि पुढचं वाक्य माझ्या नजरेला आधी दिसलं: टाचेखाली गोल कडे किंवा वळी वापरू नये, त्याने अपाय होतो.

मी वर बघितलं. मावशी डोळे मिटून बसली होती. तिच्या डोक्यावर बरोबर भिंतीवरची चुंबळ लटकत होती, एखाद्या देवीमागच्या प्रभावळीसारखी.

मी घसा खाकरला आणि ते पान गाळलं. दोन पानं एकदम उलटली. “पुढचं प्रकरण, आहार,” मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच लबाड्या केल्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. ही त्यातली नव्हे.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणून जी बाई आली तिला पाहून मला घाम फुटला. ती आमची कविता. मधल्या वर्षांत ती शिकत शिकत बरीच वर चढली होती. मावशीला बघताच ती वाकायला गेली, तर मावशी मागे सरली. “आज मावशी नाय. रोल नंबर लिव.”

लेखी तोंडी घेतलं, ते झकास झालं. मग प्रात्यक्षिक. पेशंट, लकवा झालेला, अर्थातच मी. मावशीने बांगड्या काढल्या, हात धुतले, टक्‌ टक्‌ केलं, नाव सांगितलं, विचारलं, कूस बदलली, पाठ पुसली. कविता कोपऱ्यात उभी राहून कागदावर खुणा करत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वर्गातल्या दिवसांतलं जुनं कौतुक होतं. मग मावशीचा हात पिशवीकडे गेला. पिशवीतून चुंबळ बाहेर आली.

मी टाच गादीवर दाबून धरली.

“आजोबा, पाय सैल सोडा.”

मी आणखी दाबली. लकवा झालेल्या पेशंटच्या मानाने मी चांगलाच जोर लावत होतो. मावशीने पुन्हा टक्‌ टक्‌ केलं. “आजोबा, टाचेखाली चुंबळ देते. देऊ?”

आणि मला एकदम सुटका दिसली. तिचाच नियम.

“नको,” मी म्हणालो.

मावशी थांबली. चुंबळ हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ती पिशवीत ठेवली. कविताने केवढा मोठा श्वास सोडला ते मला खाटेवर ऐकू आलं. पास.

जिना उतरताना मावशी बांगड्या चढवत होती. एक हात भरला होता. वळणावर, जिथे पुतळ्याचे दोन भाग झाले होते तिथेच, ती थांबली.

“सावंत, नको का म्हनलात?”

“असंच. पेशंट म्हणू शकतो ना?”

“इतकी वर्सं हो म्हनत आलात.”

खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही, पण तिचा तो एक भरलेला आणि एक मोकळा हात बघून जमेना. मी सांगितलं. पुस्तकातलं वाक्य, गाळलेलं पान, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. तिने फक्त भरलेल्या हातातल्या बांगड्या एकेक करून पुन्हा काढल्या आणि वर गेली. मी मागून.

“कविता, ते चुंबळीचं मार्क काप.”

“मावशी, पेशंट नको म्हणाला, तुम्ही थांबलात. बरोबर आहे ते.”

“पेशंट नाय म्हनला. सावंत म्हनला.”

कविताने माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा चादर ओढून घ्यावीशी वाटली. “चुंबळ धरली तर अख्खा भाग जातो, मावशी. तीन महिने परत बसता येणार नाही. तोवर शिकवताही येणार नाही.”

“मी देनार होते ना? मंग काप. आन रडू नको, कागद भिजेल.”

कविताने कापलं. मग मावशी स्टुलावर बसली, वही उघडून बसलेल्या मुलीसारखी. “आता सांग. का चूक?”

कविताने मावशीचीच एक बांगडी घेतली आणि मावशीच्या तळहातावर दाबून धरली. “कड रुतते बघा. कडेनं रक्त अडतं, आणि मधल्या कातडीला पोचतच नाही. ती उपाशी राहते. त्यापेक्षा पोटरीखाली उशी द्यायची आणि टाच अधांतरी सोडायची.”

बांगडी उचलली. तळहातावर गोल वळ उमटला होता. मावशीने त्यावरून बोट फिरवलं.

“मंग मी ज्यांच्या टाचा सांभाळल्या, त्या?”

कविताने बांगडी पिशवीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या टेबलापुढे उभी. “वर्गातनं गेलेल्या पोरी कुठं कुठं कामाला हायत ते तुमच्या रजिस्टरात हाय ना? काढा. आन गाडी पन काढा. पान तुमी गाळलंत.”

तर अशा रीतीने प्रस्तुत लेखक आणि नापास शिक्षिका स्कूटरवरून तीन गावं हिंडू लागले. मांडीवर रजिस्टर, खांद्याला पिशवी. प्रत्येक दारात मावशी एकच वाक्य बोले: “मी शिकवलं ते चूक होतं. काढायला आले.” अंबरनाथच्या शिवमंदिराच्या मागे एका आजींनी आधी आम्हाला देणगीवाले समजून हाकललं, मग आत घेऊन दाखवलं, चुंबळ देव्हाऱ्यात होती. “बरी आहे की, कलश डुगडुगत नाही,” आजी म्हणाल्या. ती मावशीने तिथेच राहू दिली. कलशाला टाच नसते.

पण बदलापुरात एका घरी चादर वर केली तेव्हा म्हातारबाबांच्या टाचेवर गोल, लालभडक वळ होता. अगदी बांगडीसारखा. मावशीने चुंबळ काढली, पोटरीखाली उशी दिली, तिथल्या मुलीला दाखवून दिलं, आणि बाबांचे पाय धरून काहीतरी पुटपुटली. बाहेर येऊन गाडीवर बसली.

“सावंत, जरा हळू चालवा,” ती म्हणाली.

गाडी अजून उभी होती.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला माझ्या मनासारखा करता येईल. तीन महिन्यांनी ती पास झाली. आणखी बरीच वर्षं शिकवत राहिली. पहिल्याच दिवशी खिळ्यावरची चुंबळ काढून नव्या मुलींना दाखवायची: “ही माझी चूक. नीट बघून घ्या. तुमची तुमाला सापडंल तेव्हा लपवू नका.” आता मावशी नाही. वर्ग आहे, खिळा आहे, चुंबळही आहे. बांगड्या वाजत नाहीत म्हणून वर्ग कधी सुटला ते मला हल्ली कळत नाही.

पण मला ती दिसते ती त्या फेरीतल्या शेवटच्या घरी. कॅम्प पाच, पहिला मजला. पेशंट, आमचे परसराम दादा. अर्धांगाने डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. सांभाळायला आमच्याच वर्गाची रेश्मा. आणि टाचेखाली चुंबळ, तीसुद्धा दादांच्या हुकमावरून जीन्सच्या कापडाची, वरून डबल शिलाई.

टक्‌ टक्‌. “दादा, मैं द्वारका. ये चुंबळ निकालनी है. निकालू?”

“नहीं.”

“क्यों?”

“मेरा माल है. एक्सपोर्ट क्वालिटी. तू ही बोली थी अच्छा है.”

“मैं गलत बोली थी.”

“तो अब सही बोलती है, इसकी क्या गॅरंटी?”

मावशीने स्टूल ओढलं आणि बसली. दुपारचे तीन वाजले होते. चार वाजता सूनबाईंनी चहा दिला. मावशीने पुन्हा टक्‌ टक्‌ केलं. दादांनी मान हलवली. नाही. साडेचारला नाही. पाचला नाही.

मी तिच्या कानाशी लागलो. “मावशी, त्यांना त्या पायाचं काही कळत नाही. हळूच ओढून घ्या ना. त्यांच्या भल्यासाठीच आहे.”

“समदे भल्यासाठीच हात घालतात,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग तिने पिशवीतून एक बांगडी काढली. दादांना विचारून त्यांचा चांगला हात घेतला आणि तळहातावर बांगडी दाबली, कविताने दाबली होती तशी. “ये देखो. ऐसा होता है. मेरेकू भी मालूम नहीं था. इम्तिहान में मैं नापास हुई, दादा.”

“कौन? तू?” दादांनी मान उचलली. “तू फेल?” आणि ते हसत सुटले. हसता हसता ठसका लागला, रेश्मा धावली, पाणी पाजलं. पाजण्याआधी तिने खाटेवर दोनदा वाजवलं, हे मी पाहिलं. मावशीनेही पाहिलं.

दादा शांत झाले. तळहातावरचा वळ बघत राहिले. खिडकीतून उतरतं ऊन स्टुलावर आलं होतं, आणि मावशी मांडीवर हात ठेवून, ताठ पाठीने, बोलावण्याची वाट बघणाऱ्या परीक्षार्थीसारखी बसून होती.

टक्‌ टक्‌.

“दादा, मैं द्वारका. निकालू?”

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, रेश्माकडे, माझ्याकडे, आणि सगळ्या कॅम्प पाचला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

“अरे निकाल ले, मेरी माँ! और कोई इसको पास करो रे, नहीं तो ये स्टूल से उठेगी नहीं!”